रोजच्या जगण्यातून कादंबरीचे बीज कसे शोधावे : नव्या लेखकांसाठी मार्गदर्शन

कादंबरी लिहू पाहणारा माणूस अनुभवी लेखकाला हमखास एक प्रश्न विचारतो : तुम्हाला सुचते कुठून? या प्रश्नामागे बहुधा अशी समजूत असते की, लेखकाला एखाद्या दिवशी पात्रे, प्रसंग आणि शेवट यांसह संपूर्ण गोष्ट आयती सुचते आणि मग ती कागदावर उतरवणे एवढेच काम उरते. कादंबऱ्यांच्या जन्माच्या ज्या हकिगती लेखकांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत, त्या वाचल्या की चित्र वेगळे दिसते. जेवताना शेजारी बसलेल्या बाईंनी सहज सांगितलेली एक-दोन वाक्ये, वर्तमानपत्रातील एका खटल्याचा वृत्तांत, दुकानात काही मिनिटे दिसलेले एक गिऱ्हाईक, नांगरलेल्या शेतात तग धरून राहिलेले एक काटेरी झुडूप. सुरुवातीला लेखकाच्या हाती आले ते एवढेच.

या हकिगतींमध्ये आणखी एक समान गोष्ट आढळते. लेखकाला जे सापडले ते दरवेळी विलक्षण होते असे नाही, परंतु ते त्याला पुरते कळलेले नव्हते. नवखा लेखक विलक्षण काहीतरी शोधत हिंडतो, आणि रोजच्या जगण्यात विलक्षण फारसे घडत नसल्यामुळे हात हलवत परत येतो. न कळलेल्या गोष्टी मात्र प्रत्येकाच्या समोरून रोज जात असतात. त्या ओळखणे, नेमक्या शब्दांत टिपून ठेवणे आणि त्यांचा घाईघाईने उलगडा करून न टाकणे, या तीन सवयी लावून घेता येतात. पुढील सर्व पायऱ्या त्यांच्यासाठीच आहेत.

पहिली पायरी : नोंद करायला शिकणे

खिशात किंवा पिशवीत मावेल अशी एक वही ठेवावी. मोबाइलमध्ये लिहिले तरी चालेल, पण नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, कारण रात्र उलटली की तपशील गळून जातात आणि उरतो तो आपण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष. कादंबरीला हा निष्कर्ष फारसा उपयोगी पडत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात एक मध्यमवयीन बाई शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ती जागा अडवून बसली आहे. गर्दी वाढते, लोक भिंतीला टेकून उभे राहतात, आणि कोणी विचारले की ती ‘येताहेत’ एवढेच सांगते. बराच वेळ जातो, कोणी येत नाही. तिचे नाव पुकारले जाते तेव्हा ती पिशवी उचलते, दुसऱ्या हाताने खुर्चीची बैठक पुसल्यासारखी करते आणि आत जाते. हे पाहून घरी आलेला नवखा लेखक वहीत लिहितो, ‘आज एक एकाकी स्त्री पाहिली, फार वाईट वाटले.’ या नोंदीतून पुढे काहीही निघणार नाही, कारण ‘एकाकी’ म्हटले की विषय संपला. शिवाय तो शब्द चुकीचाही असू शकतो. कदाचित तिला आपल्या शेजारी कोणी बसायला नको असेल. पिशवी, ‘येताहेत’ हा आदरार्थी शब्द, पुसलेली बैठक आणि तिने दाराकडे एकदाही न पाहणे, हे चार तपशील जसेच्या तसे लिहून ठेवले तर सहा महिन्यांनीही ती नोंद जिवंत राहते.

म्हणून नोंदीत दिसलेले आणि ऐकू आलेले लिहावे. वाटलेले लिहायचेच असेल तर ते वेगळ्या ओळीत, शेवटी लिहावे. समोरचे पान कोरे सोडावे, कारण पुढे त्यावर प्रश्न लिहायचे आहेत. रोज पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नये. मोठ्या नोंदींची शिस्त बहुधा टिकत नाही आणि मग वहीच सुटते.

वही सुबक असण्याची काहीच गरज नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्या अॅगाथा ख्रिस्ती यांच्या सत्तरहून अधिक वह्या उपलब्ध आहेत आणि त्यांत कथानकांची टिपणे, घरगुती याद्या आणि हिशेब यांची सरमिसळ आहे. कोणत्या कादंबरीचे टिपण कुठल्या वहीत सापडेल याचा नेम नाही. रशियन कथाकार चेकॉव्ह यांच्या टिपणवह्यांत अनेक नोंदी एका वाक्याच्या आहेत : एखादा स्वभावविशेष, एखादे चमत्कारिक आडनाव, कोणीतरी बोललेले एखादे वाक्य. त्यांतल्या पुष्कळ नोंदींचे पुढे काहीच झाले नाही. नोंदींपैकी बहुतेक वाया जाणार, हे मान्य करूनच हे काम करायचे असते.

निरीक्षण कच्चे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी थोडे रेखाटन करून पाहावे. व्यंकटेश माडगूळकर चित्रेही काढत असत, आणि त्यांच्या गद्यात माणसाची उभे राहण्याची ढब थोडक्या शब्दांत उभी राहते, त्यात चित्रकाराच्या नजरेचा वाटा असावा असे मला वाटते. चित्र चांगले येणे आवश्यक नाही. हात रेखाटताना तो नेमका कुठे टेकला होता हे आठवावे लागते, आणि फायदा त्या आठवण्याचाच असतो.

दुसरी पायरी : कुठे पाहावे

सर्वांत समृद्ध जागा म्हणजे दुसऱ्यांचे बोलणे. हेन्री जेम्स यांनी ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत तिच्या उगमाची हकिगत दिली आहे. १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री ते एका मेजवानीला गेले होते. शेजारच्या बाई सहज म्हणाल्या की, त्यांच्या ओळखीची एक स्त्री आणि तिचा एकुलता एक मुलगा यांच्यात, वडिलांच्या पश्चात मुलाकडे आलेल्या घरातील मौल्यवान सामानावरून भांडण जुंपले आहे. जेम्स यांच्या मनात कादंबरी रुजायला एवढे पुरेसे झाले. बाई पुढे तपशील सांगू लागल्या तेव्हा मात्र त्यांना ते ऐकणे नकोसे झाले. या नकोसे होण्याकडे आपल्याला थोड्या वेळाने परत यायचे आहे.

बोलणे ऐकताना माहितीपेक्षा बोलण्याच्या वळणांकडे लक्ष द्यावे. कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, कोणत्या नावाचा उच्चार झाल्यावर विषय बदलला, कोणी एकच वाक्य दोनदा म्हटले, कोणी स्वतःच्या माणसाचा उल्लेख नाव न घेता केला, या गोष्टी टिपाव्यात. प्रवासात एखादी व्यक्ती फोनवर बोलत असेल तर एकच बाजू ऐकू येते. ती घरी येऊन लिहून काढावी आणि पलीकडची बाजू स्वतः रचावी. एकदा पलीकडे आई आहे असे समजून, एकदा सावकार, एकदा जुना मित्र. तीन वेळा लिहिल्यावर असे दिसते की, तीच ऐकलेली वाक्ये दरवेळी निराळ्या अर्थाची होतात. संवादलेखनाचा याहून चांगला आणि याहून स्वस्त अभ्यास मला माहीत नाही. कोणाचे बोलणे चोरून रेकॉर्ड मात्र करू नये. ते अनुचित तर आहेच, पण निरुपयोगीही आहे, कारण यंत्र सगळे सारखेच टिपते आणि कान निवड करतो. ही निवड हीच लेखकाची पहिली कृती असते.

दुसरी मोठी जागा वर्तमानपत्राची आहे. १८२७ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील एका खेड्यातल्या चर्चमध्ये आँत्वान बेर्ते नावाच्या तरुणाने, ज्या घरी तो पूर्वी मुलांचा शिक्षक होता त्या घरातील स्त्रीवर प्रार्थना चालू असताना गोळी झाडली. तो लोहाराचा मुलगा होता. त्या वर्षाच्या अखेरीस त्याच्यावर खटला चालला आणि न्यायालयीन बातम्यांच्या एका वृत्तपत्रात त्याचा सविस्तर वृत्तांत आला. स्तांदाल यांची ‘द रेड अँड द ब्लॅक’ ही १८३० मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी या खटल्यावर आधारलेली आहे. कादंबरीतला तरुण सुताराचा मुलगा आहे, पण मुख्य घटनाक्रम पुष्कळसा तोच आहे. मग स्तांदाल यांचे त्यात काय? खटल्यात कोणी, कुठे, केव्हा याची उत्तरे मिळाली होती. खालच्या थरातून वर चढू पाहणाऱ्या बुद्धिमान तरुणाला एका विशिष्ट समाजात जगणे कसे वाटत असेल, याचे उत्तर मिळाले नव्हते, आणि कादंबरी उभी राहिली ती त्या न मिळालेल्या उत्तरावर. दस्तयेव्हस्की १८६९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे राहून रशियन वर्तमानपत्रे वाचत होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मॉस्कोमध्ये एका गुप्त क्रांतिकारक गटाने आपल्याच एका सदस्याचा, इव्हानोव्ह नावाच्या विद्यार्थ्याचा, खून केला. ‘डेमन्स’ या त्यांच्या कादंबरीच्या केंद्रस्थानी हे प्रकरण आहे.

नव्या लेखकाने पहिल्या पानावरच्या गाजलेल्या बातम्या शक्यतो सोडून द्याव्यात. त्यांच्यावर सगळे जण बोलत असतात, त्यामुळे आपले म्हणून काही उरत नाही आणि आपल्या नकळत इतरांची मते आपल्या वाक्यांत शिरतात. आतल्या पानावरची चार-सहा ओळींची बातमी अधिक कामाची असते. ती तारखेसह कापून ठेवावी आणि तिच्याखाली एकच गोष्ट लिहावी : या बातमीत कोणाचा उल्लेख नाही? घर सोडून गेलेल्या माणसाच्या बातमीत त्याच्या शेजाऱ्याचा उल्लेख नसतो, अफरातफरीच्या बातमीत आरोपीच्या शाळकरी मुलीचा नसतो. पुष्कळदा कादंबरीचा निवेदक या अनुल्लेखित माणसांमध्येच सापडतो.

तिसरी जागा म्हणजे आपले स्वतःचे काम. नोकरी आपले लेखन खाते, अशी तक्रार सगळेच लेखक करतात आणि ती बरीचशी खरीही असते. परंतु नोकरीमुळे एक असे जग आतून दिसते, जे बाहेरच्या माणसाला पैसे मोजूनही पाहता येत नाही. काफ्का १९०८ ते १९२२ या काळात प्राग येथील कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होते. अर्ज, अपिले, धोक्यांच्या श्रेणी ठरवण्याची कामे आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणारी कागदपत्रे हे त्यांचे रोजचे जग होते, आणि त्यांच्या कादंबऱ्यांत न संपणाऱ्या कार्यालयांची जी दहशत आहे ती या जगाशी परिचय नसलेल्या माणसाला इतक्या बारकाईने लिहिता आली नसती. पॅट्रिशिया हायस्मिथ १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील एका मोठ्या दुकानाच्या खेळणी विभागात तात्पुरत्या विक्रेत्या होत्या. फरचा कोट घातलेली एक स्त्री बाहुली विकत घ्यायला आली, तिने पत्ता लिहून दिला आणि ती निघून गेली. त्याच संध्याकाळी हायस्मिथ यांनी घरी जाऊन एका कादंबरीचा आराखडा लिहून काढला. ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही ती कादंबरी १९५२ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्या स्त्रीशी त्यांची ओळख अशी झालीच नव्हती.

आपल्या कामातील तीन गोष्टींची यादी करावी : तिथले नेहमीचे शब्द, तिथे कोणालाच न आवडणारे पण सगळे पाळत असलेले नियम, आणि तिथे कोण कोणाला घाबरते. घाबरण्याची यादी सर्वांत उपयोगी ठरते. ती हुद्द्यांच्या क्रमाने जात नाही, असे लगेच लक्षात येते.

घर ही जागा इतकी उघड आहे की तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. प्रत्येक कुटुंबात एक गोष्ट अर्धीच सांगितली जाते आणि तिच्याजवळ आले की मोठी माणसे विषय बदलतात. ती गोष्ट कोणती हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिच्यासंबंधी कोण काय सांगते याची वेगवेगळ्या पानांवर नोंद ठेवावी आणि त्यांतली विसंगती सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

चालणे आणि वाट पाहणे यांनाही या यादीत स्थान आहे. डिकन्स रात्रीच्या वेळी लंडनच्या रस्त्यांवरून मैलोगणती चालत असत. ‘टू द लाइटहाउस’ ही कादंबरी आपल्याला लंडनमधील टॅव्हिस्टॉक स्क्वेअर या चौकाभोवती फेऱ्या मारताना एका ओघात सुचली, असे व्हर्जिनिया वुल्फ यांनी आठवणींत लिहिले आहे. चालताना कानात काही घालू नये, एवढीच या बाबतीत माझी सूचना आहे.

तिसरी पायरी : अर्धवट माहितीवर थांबणे

नवख्यांना सर्वांत अवघड जाणारी पायरी ही आहे. एखादी गोष्ट मनाला लागली की तिची संपूर्ण माहिती काढावी, संबंधितांना भेटावे, खरे काय घडले ते जाणून घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक असते. पत्रकाराने ते केलेच पाहिजे. कादंबरीकाराने मात्र निदान सुरुवातीला हात आखडता घ्यावा. जेम्स यांना शेजारच्या बाईंचे पुढचे बोलणे नको झाले ते याच कारणासाठी : वास्तवात त्या भांडणाचे पुढे जे झाले ते त्यांच्या मनात आकार घेऊ लागलेल्या शक्यतेच्या मानाने ओबडधोबड होते.

टोनी मॉरिसन यांचे उदाहरण अधिक गंभीर आहे. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री अमेरिकेतील केंटकी राज्यातून पळून, गुलामीला बंदी असलेल्या ओहायो राज्यात पोहोचली, आणि पकडणारे दाराशी आले तेव्हा आपली मुले पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने स्वतःच्या लहानग्या मुलीला ठार मारले. ‘द ब्लॅक बुक’ या १९७४ मध्ये निघालेल्या संग्रहाच्या संपादनाचे काम करताना या घटनेविषयीचा जुना मजकूर मॉरिसन यांच्या पाहण्यात आला. तिच्यातून उभी राहिलेली ‘बिलव्हेड’ ही कादंबरी १९८७ मध्ये आली. गार्नरच्या आयुष्याचा फार खोलात जाऊन शोध घेण्याचे मॉरिसन यांनी टाळले, कारण त्यांना ती स्त्री कल्पनेने निर्माण करायची होती. गुलामीचा काळ, त्या काळातील वस्तू, कायदा यांचा अभ्यास मात्र त्यांनी केला. फरक इथे आहे. जगाचा अभ्यास हवा तेवढा करावा. ज्या एका माणसाच्या मनात शिरायचे आहे, त्याच्या बाबतीत मात्र काही जागा मोकळी ठेवावी.

उलट टोकाचेही एक उदाहरण आहे. अँथनी ट्रोलप हे टपाल खात्यात नोकरीला होते आणि कामासाठी गावोगाव फिरत असत. इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या कॅथीड्रलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, परिसरात उन्हाळ्यातील एका संध्याकाळी भटकताना त्यांना ‘द वॉर्डन’ची कल्पना सुचली. ही कादंबरी १८५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील धर्मगुरूंच्या चित्रणाचे पुष्कळ कौतुक झाले. अशा कॅथीड्रल-वस्तीत आपण कधी राहिलो नव्हतो आणि धर्मगुरूंशी आपली जवळीकही नव्हती, असे ट्रोलप यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. ‘माहीत आहे तेवढेच लिहा’ हा सल्ला नव्या लेखकाला नेहमी दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, असे मला अशा उदाहरणांवरून वाटते. माणसे कोणत्या गोष्टीला चिकटून राहतात हे माहीत हवे. त्यांचा पेशा शिकून घेता येतो.

चौथी पायरी : नोंदीला प्रश्न विचारणे

महिन्यातून एकदा वही उघडण्यापूर्वी कोऱ्या कागदावर, आठवतील तेवढ्या नोंदी आठवणीतून लिहाव्यात. ज्या न पाहता आठवल्या त्यांवर खूण करावी आणि बाकीच्या सध्या बाजूला ठेवाव्यात. निवडीची ही पद्धत ढोबळ आहे, पण मनाने आधीच निवड केलेली असते आणि ती सहसा चुकत नाही.

आता खूण केलेल्या नोंदीच्या समोरचे कोरे पान भरायचे. प्रतीक्षागृहातील बाईकडे परत जाऊ. ‘ती कोणाची वाट पाहत होती?’ हा पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो आणि म्हणूनच तो कमी कामाचा आहे. त्याचे उत्तर मिळाले की गोष्ट संपते. त्याऐवजी काळ पुढेमागे सरकवणारे प्रश्न विचारावेत. तिने अशी जागा पहिल्यांदा कधी अडवली होती? जो आला नाही त्याला आपली वाट पाहिली जात आहे हे ठाऊक होते का? ‘येताहेत’ हा शब्द ती किती वर्षे वापरत आहे? उभ्या राहिलेल्या लोकांपैकी कोणी तिला ओळखत होते आणि तरी गप्प राहिले होते का? शेवटचा प्रश्न लिहिताना काहीतरी बदलते, हे लक्षात येईल : आता दोन माणसे आहेत, एक गुपित आहे आणि त्या दोघांना गुपिताची वेगवेगळी किंमत मोजावी लागली आहे.

अशा वेळी एक कसोटी लावावी. नोंदीतून जे निघाले आहे त्यात काळ मावतो का? एका संध्याकाळी सुरू होऊन त्याच संध्याकाळी पूर्ण होत असेल, तर ती लघुकथा आहे आणि तिला ओढूनताणून कादंबरी करू नये. एखाद्या माणसाला काही हवे आहे, ते मिळवताना तो बदलत जाणार आहे, आणि त्या बदलामुळे आधी हवी असलेली गोष्टच पुढे वेगळी दिसणार आहे, असे जाणवत असेल तर तिथे कादंबरीला जागा आहे. पुष्कळ अर्धवट हस्तलिखिते चाळीस-पन्नास पानांवर थांबतात, त्यामागे आळसापेक्षा ही कसोटी न लावणे अधिक असते.

पाचवी पायरी : दोन नोंदी एकत्र आणणे

एकटी नोंद क्वचितच कादंबरी होते. जोसेफ कॉनरॅड यांची ‘द सीक्रेट एजंट’ ही १९०७ ची कादंबरी कशी जुळून आली ते त्यांनीच सांगितले आहे. १५ फेब्रुवारी १८९४ रोजी लंडनच्या ग्रीनिच पार्कमध्ये, वेधशाळेजवळ, एका माणसाच्या हातातच बॉम्ब फुटून तो मेला होता. काही वर्षांनी एका मित्राशी त्या घटनेबद्दल बोलणे निघाले, तेव्हा मित्राने एक-दोन वाक्यांत एवढेच सांगितले की तो माणूस मंदबुद्धी होता आणि त्याच्या बहिणीने नंतर आत्महत्या केली. त्यानंतर एका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींच्या पुस्तकात त्यांना एक छोटासा संवाद वाचायला मिळाला, आणि मग वेगवेगळे तुकडे एकत्र येऊ लागले. स्फोट सगळ्यांना माहीत होता, परंतु कादंबरीचे हृदय म्हणजे भाऊ-बहीण, आणि ती मित्राच्या ओझरत्या वाक्यातून आली.

टॉल्स्टॉय यांच्याकडे हे जोडकाम वारंवार दिसते. १८७२ च्या जानेवारीत त्यांच्या जमीनदारीजवळच्या रेल्वे स्थानकावर अॅना पिरोगोव्हा नावाच्या स्त्रीने, प्रियकराने दूर केल्यामुळे, मालगाडीखाली जीव दिला. टॉल्स्टॉय यांनी तिचे प्रेत पाहिले होते. ‘अॅना कॅरेनिना’च्या नायिकेला तो मृत्यू मिळाला. रूप मात्र वेगळ्याच स्त्रीचे मिळाले, एका समारंभात भेटलेल्या, रशियन कवी पुश्किन यांच्या मुलीचे. पुढे १८९६ च्या उन्हाळ्यात नांगरलेल्या शेताच्या कडेला त्यांना एक मोडलेले, धुळीने माखलेले, तरी उभे असलेले काटेरी झुडूप दिसले आणि त्यांना हाजी मुराद आठवला. कॉकेशसमधल्या या लढवय्याविषयी त्यांनी तरुणपणी, १८५१-५२ मध्ये तिकडे असताना, ऐकले होते. चार दशकांहून अधिक काळ पडून असलेल्या आठवणीला एका झुडपाने आकार दिला.

सरावासाठी वहीतील दोन असंबद्ध नोंदी घ्याव्यात आणि त्या एकाच माणसाच्या आहेत असे गृहीत धरून अर्धे पान लिहावे. प्रतीक्षागृहात जागा अडवणारी बाई आणि कार्यालयात सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी पण स्वतःचा कोणालाच न सांगणारी कर्मचारी एकच असेल, तर तिच्याविषयी एकदम खूप काही सांगावेसे वाटू लागते. दहापैकी नऊ जोड्या जुळत नाहीत, हे अपेक्षितच आहे. सारख्या स्वभावाच्या नोंदी मुद्दाम जोडू नयेत; दोन दुःखी नोंदी मिळून फक्त अधिक दुःख होते.

सहावी पायरी : खऱ्या माणसांचे भान ठेवणे

रोजच्या जगण्यातून घेतले म्हणजे ते कोणाच्या तरी जगण्यातून घेतले. या प्रश्नाला बगल देता येत नाही आणि त्यावर एकच नियम सांगता येत नाही. गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या परिचयाच्या एका तरुणाचा १९५१ मध्ये कोलंबियातील सुक्रे गावी खून झाला. त्यावर लिहायची त्यांना तेव्हाच ओढ होती, पण मृताची आई हयात असेपर्यंत लिहू नकोस असे त्यांच्या आईने सांगितले. ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ आली ती १९८१ मध्ये. नव्या लेखकाने तीस वर्षे थांबावे असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या घटनेत कोणाची जखम अजून ओली आहे, ती घटना वहीत राहू द्यावी आणि तोवर दुसरे काही लिहावे. दूर गेल्यामुळे लेखनाचेही भलेच होते, कारण आपला राग किंवा कीव ओसरल्यावर त्या प्रसंगातील इतर माणसे दिसू लागतात.

बदल करताना नाव आणि गाव बदलून भागत नाही. पात्राचे वय, लिंग, व्यवसाय आणि नातेसंबंध यांपैकी निदान दोन गोष्टी बदलाव्यात. वडिलांबद्दल लिहायचे असेल तर मोठ्या बहिणीबद्दल लिहून पाहावे. असे केल्याने माणूस झाकला जातो हा एक लाभ झाला, पण त्याहून मोठा लाभ असा की, ‘प्रत्यक्षात असेच घडले होते’ या सबबीचा आधार सुटतो आणि प्रत्येक कृतीचे कारण लेखकाला स्वतः शोधावे लागते. कोणी विश्वासाने सांगितलेले गुपित, आजारपणाची माहिती, पोलीस किंवा न्यायालयातील प्रकरण, हे सगळे विशेष काळजीने हाताळावे. वाचकाला खरी व्यक्ती ओळखू येईल अशी शक्यता असेल तर प्रकाशकाशी आणि गरज पडल्यास वकिलाशी आधी बोलावे. सांगणाऱ्याची परवानगी मागणे शक्य असेल तर मागावी. नकार मिळाल्यास तो पाळावा.

पहिला खर्डा मात्र या काळजीच्या ओझ्याखाली लिहू नये. तो खऱ्या नावांनी, खऱ्या जागांसह लिहिला तरी हरकत नाही, फक्त तो कोणालाही दाखवू नये, आणि ज्यांच्यावरून पात्रे घेतली आहेत त्यांना तर मुळीच नाही. दुसऱ्या खर्ड्याला बसताना वही समोर ठेवू नये. पहिला खर्डा वाचून जिथे जिथे ‘हे मूळ नोंदीत होते म्हणून इथे आहे’ असे वाटेल तिथे खूण करावी, आणि तो तपशील काढून टाकल्यावर प्रकरण पडते की उभे राहते ते पाहावे. उभे राहिले तर तो तपशील वहीत परत जाऊ द्यावा.